आधी पान, मग अक्षर

काही वर्षांपूर्वी आम्हाला एका तालुक्यातील पावसाचे जुने आकडे हवे होते. ते एका छापील अहवालात होते. पानावर डावीकडे सन, त्यापुढे जानेवारी ते डिसेंबर असे बारा रकाने आणि अगदी उजवीकडे वर्षाची बेरीज. एका पानावर अशी वीस वर्षे. एवढे आकडे हाताने उतरवून घेण्यापेक्षा पान स्कॅन करावे आणि अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावलीकडून ते वाचून घ्यावे असे आम्ही ठरवले. दहा मिनिटांत काम झाले. मूळ पानाशी ताडून पाहिले, तर एकाही आकड्याचा दुसरा आकडा झालेला नव्हता. आम्ही खूश झालो.

आज्ञावलीने ते पान वर्तमानपत्रासारखे वाचले होते. म्हणजे एक रकाना वरून खालपर्यंत, मग दुसरा. ज्या महिन्यात पाऊस पडला नाही तेथे छापणाऱ्याने एक बारीक आडवी रेघ घातली होती. आज्ञावलीने ती रेघ कागदावरचा डाग समजून सोडून दिली. जानेवारी-फेब्रुवारीसारख्या कोरड्या महिन्यांत हा घोळ उघडच दिसत होता. तो आम्ही हाताने दुरुस्त केला. आम्हाला फसवले ते मे महिन्याने. त्या रकान्यात एकच रेघ होती, सातव्या वर्षापुढे. ती गळली आणि आठव्या वर्षापासूनचे सगळे आकडे एकेक घर वर सरकले. तळाचे घर रिकामे राहिले. त्या वर्षी मे महिन्यात पाऊस पडला नसेल, असे आम्ही समजलो!

चूक सापडली ती शेवटच्या रकान्यातील बेरजेमुळे. पहिल्या सहा वर्षांची बेरीज जुळत होती, सातव्यापासून पुढे जुळेना. छापील अहवालात ती बेरीज नसती, तर चौदा वर्षांचा मे महिन्याचा पाऊस आमच्या आलेखात चुकीच्या वर्षी पडला असता आणि कोणाच्या लक्षातही आले नसते.

प्रत्येक आकडा बरोबर, तरी तक्ता चूक. असे कसे झाले? आज्ञावलीतील पानाच्या मांडणीचा पर्याय आम्ही 'आपोआप' या जागी तसाच राहू दिला होता. त्या पर्यायाचा अर्थ काय, हे समजून घेण्यासाठी संगणक पान कसे पाहतो ते आधी पाहू.

ठिपक्यांचे पान

स्कॅनर पानाचे लहान लहान ठिपक्यांत रूपांतर करतो. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने ए-४ आकाराच्या कागदावर आडवे सुमारे २४८० आणि उभे सुमारे ३५०८ ठिपके बसतात. गुणाकार केला तर जवळजवळ ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपका काळा, पांढरा किंवा मधल्या एखाद्या छटेचा. संगणकाच्या हाती येते ते एवढेच. या ठिपक्यांत ना अक्षर आहे, ना ओळ, ना मथळा.

म्हणून अक्षर ओळखण्यापूर्वी आज्ञावलीला पुष्कळ कामे करावी लागतात. चित्र कोणते आणि मजकूर कोणता ते वेगळे करायचे. मजकुराचे ठोकळे पाडायचे. ठोकळ्यांचा क्रम लावायचा. प्रत्येक ठोकळ्यातील ओळी सुट्या करायच्या आणि ओळीतले शब्द. आपण वर्तमानपत्र उघडतो तेव्हा ही सगळी कामे नकळत करतो, कारण बातमी कशी छापतात ते आपल्याला ठाऊक असते. संगणकाजवळ फक्त कोऱ्या जागेची मापे असतात.

आलेख-कागदावर करून पाहा

ही मापे कशी वापरतात ते वर्गात सहज करून दाखवता येईल. आलेख-कागदावर २० घरे रुंद आणि १२ घरे उंच असे एक 'पान' आखा. पहिल्या आडव्या ओळीतील सर्व २० घरे काळी करा. हा झाला मथळा. दुसरी व तिसरी ओळ कोरी ठेवा. मग ४, ६, ८, १० आणि १२ या ओळींत डावीकडची ९ घरे आणि उजवीकडची ९ घरे काळी करा. मधली दोन घरे, म्हणजे दहावे आणि अकरावे, कोरी राहतील. दोन स्तंभांची एक बातमी तयार झाली.

आता प्रत्येक आडव्या ओळीत किती काळी घरे आहेत ते मोजून समासात लिहा: २०, ०, ०, १८, ०, १८, ० असे आकडे येतील. जेथे शून्य तेथे कोरी पट्टी, म्हणजे पान कापायची जागा. हेच उभ्या दिशेने करा. पहिल्या नऊ रांगांत प्रत्येकी ६, दहाव्या व अकराव्या रांगेत १ आणि पुढच्या नऊ रांगांत पुन्हा ६. मधल्या दोन रांगांत शून्य का आले नाही? कारण मथळा त्यांच्यावरून आडवा गेला आहे. याचा अर्थ, पूर्ण पान पुढ्यात ठेवून उभे कापायला गेलो तर कापच सापडत नाही.

मग युक्ती अशी की सर्वांत रुंद कोरी पट्टी आधी शोधायची. मथळ्याखालची पट्टी दोन घरांची आहे, ओळींमधल्या पट्ट्या एकेका घराच्या. म्हणून आधी मथळा कापून वेगळा करा. उरलेल्या भागात उभी मोजणी पुन्हा करा. आता दहाव्या व अकराव्या रांगेत शून्य येते. ही उभी पट्टी दोन घरांची, ओळींमधल्या पट्ट्या एकेका घराच्या. म्हणून उभा काप आधी. दोन स्तंभ सुटे झाले. मग प्रत्येक स्तंभातल्या ओळी कापा. पानाचे असे आळीपाळीने आडवे-उभे तुकडे पाडण्याची पद्धत जॉर्ज नॅगी आणि शरद सेठ यांनी १९८४ साली मांडली. पुढच्या अनेक पद्धतींमागे हाच विचार आहे.

आता विद्यार्थ्यांना एक बदल करायला सांगा. दोन स्तंभांमधली जागा एकाच घराची करा आणि ओळींमध्ये दोन घरे सोडा. नियम तोच ठेवला, तर आडवा काप आधी पडतो आणि डाव्या स्तंभाची ओळ उजव्या स्तंभाच्या ओळीला जोडली जाते. नियमात एक गृहीत दडलेले होते: स्तंभांमधली जागा ओळींमधल्या जागेपेक्षा मोठी असते. बहुतेक छापील पानांवर ते खरे असते. सर्व पानांवर नसते.

वर्तमानपत्र की तक्ता?

याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. आपण आखलेल्या पानावर दोन स्तंभांची बातमी आहे असे आपण धरले. पण तीच काळी घरे म्हणजे डावीकडे गावांची नावे आणि उजवीकडे गाडी सुटण्याची वेळ असे एस.टी.चे वेळापत्रक असेल तर? बातमी डाव्या स्तंभाच्या तळापर्यंत वाचून मग उजवीकडे जायचे. वेळापत्रक प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे वाचायचे. काळी घरे तीच, कोऱ्या जागा त्याच, मोजणीचे आकडेही तेच. वाचनाचा क्रम मात्र उलट!

म्हणजे मोजमाप कितीही अचूक केले तरी या प्रश्नाचे उत्तर ठिपक्यांत सापडत नाही. तक्त्याला रेघांची चौकट असेल किंवा रकाने अरुंद असतील, तर आज्ञावली त्यावरून अंदाज बांधू शकते. पण तो अंदाजच. हे पान काय आहे ते आपल्याला माहीत असते, संगणकाला नसते. मांडणीचा पर्याय निवडणे म्हणजे ही माहिती त्याला सांगणे. 'आपोआप' ठेवणे म्हणजे तुझा अंदाज मला मान्य आहे असे सांगणे. आम्ही पावसाच्या तक्त्याच्या बाबतीत नेमके हेच केले होते.

अक्षरे येत होती, पान येत नव्हते

अक्षर ओळखणे आणि पान उलगडणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे टेसरॅक्ट या आज्ञावलीच्या इतिहासावरून चांगले कळते. ही आज्ञावली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात तयार होऊ लागली. २००५ साली ती सर्वांना मोफत खुली करण्यात आली आणि २००६पासून गूगलने तिच्या विकासाचा भार उचलला. पण खुली झालेली आज्ञावली अर्धीच होती. पानाचे ठोकळे पाडण्याचे तंत्र कंपनीजवळ वेगळे होते आणि ते खुले केलेले नव्हते. त्यामुळे टेसरॅक्टला अक्षरे वाचता येत, पण दोन स्तंभांचे पान दिले की ती ओळ सरळ आरपार वाचत जाई. पान उलगडण्याची सोय तिच्यात २०१० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आली.

ही सोय ज्या कल्पनेवर उभी आहे ती टेसरॅक्टचे मुख्य शिल्पकार रे स्मिथ यांनी २००९ साली प्रसिद्ध केली. टंकलेखन यंत्र वापरलेल्यांना टॅबची कळ आठवत असेल. ती दाबली की गाडी ठरलेल्या जागी जाऊन थांबे, म्हणून रकाने एका रेषेत येत. छापील स्तंभाच्या ओळीही अशाच एका उभ्या रेषेवर सुरू होतात. आज्ञावली आधी ठिपक्यांचे पुंजके शोधते, मग ज्यांच्या कडा एकाखाली एक जुळतात अशा पुंजक्यांमधून काल्पनिक उभ्या रेषा काढते. या रेषा म्हणजे स्तंभांच्या हद्दी. कोरी जागा अरुंद असली तरी जुळलेल्या कडा दिसतात, हा या पद्धतीचा फायदा. पण तक्त्यातील रकान्यांच्या कडाही अशाच जुळतात, हे विसरून चालत नाही.

देवनागरीचे वेगळेपण

रोमन लिपीत अक्षरे सुटी छापलेली असतात. देवनागरीत शिरोरेखा अख्ख्या शब्दाला बांधून ठेवते. आलेख-कागदावरची आडवी मोजणी देवनागरी मजकुरावर केली, तर शिरोरेखेच्या जागी आकडा एकदम उंचावतो आणि ओळ कोठे आहे ते लगेच कळते. उभ्या मोजणीत मात्र दोन अक्षरांमध्ये शून्य सहसा येतच नाही. टेसरॅक्टच्या तिसऱ्या आवृत्तीत यासाठी शिरोरेखा आधी कापून घेण्याची सोय होती.

२०१८ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून अक्षरे सुटी करण्याची गरज उरली नाही. मज्जाजालाच्या धर्तीवर शिकवलेली यंत्रणा अख्खी ओळ डावीकडून उजवीकडे सरकत वाचते. जोडाक्षरांच्या बाबतीत ही मोठी सोय आहे. पण ओळ आयती कापून तिच्या हाती द्यावी लागते. ओळ चुकीची कापली, तर उत्तम वाचणारी यंत्रणाही चुकीचेच वाचणार.

आणि ओळी कापणे देवनागरीत थोडे नाजूक आहे. वरच्या ओळीतले उकार, ऋकार खाली येतात. खालच्या ओळीतल्या वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार वर जातात. जुन्या, दाट छपाईच्या पुस्तकांत दोन ओळींमधली कोरी पट्टी जवळजवळ नाहीशी होते. उकार ओळीपासून तुटला की 'गुण'चे 'गण' होते. शब्दकोशात दोन्ही शब्द असल्याने शुद्धलेखन तपासूनही चूक सापडत नाही.

कोणत्या पानाला कोणता पर्याय?

टेसरॅक्टमध्ये मांडणीचे पर्याय ० ते १३ असे क्रमांकांनी दिलेले आहेत. इतर आज्ञावल्यांत ते 'एक स्तंभ', 'अनेक स्तंभ', 'तक्ता' अशा नावांनी असतात, किंवा माऊसने पानावर चौकटी आखू देतात. नावे निराळी असली तरी निवड तीच. शाळेत लागणारे पर्याय पुढीलप्रमाणे:

३ – पूर्णपणे आपोआप. आपण काहीच सांगितले नाही तर हाच लागू होतो. वर्तमानपत्रे, मासिके, चित्रे असलेली नेहमीची पाने यांसाठी बरा. पान आडवे किंवा उलटे स्कॅन झाले असेल तर १ घ्यावा. त्यात पानाची दिशाही तपासली जाते.

४ – एकच स्तंभ, पण अक्षरे लहानमोठी. प्रश्नपत्रिका, पावत्या, परिपत्रके यांना उपयोगी.

६ – एकसारख्या मजकुराचा एकच ठोकळा. कादंबरीचे पान, आणि ओळीओळीने वाचायचा साधा तक्ता.

७ आणि ८ – अनुक्रमे एकच ओळ आणि एकच शब्द. एखादा मथळा किंवा पाटी कापून घेतली असेल तर. संपूर्ण पानाला ७ लावला, तर आज्ञावली अख्ख्या पानाला एकच ओळ समजते आणि हाती निरर्थक अक्षरे येतात.

११ – विखुरलेला मजकूर. नकाशातील गावांची नावे, आकृतीतील भागांची नावे. येथे शब्द शोधले जातात, क्रमाची हमी नसते.

आमच्या पावसाच्या पानाला आम्ही शेवटी ६ लावला. आडव्या रेघा तरीही काही ठिकाणी गळल्या. पण आता ज्या वर्षाची रेघ गळे त्याच वर्षाची ओळ तोकडी पडे आणि त्याच ओळीच्या बेरजेने ती पकडता येई. पूर्वी एक रेघ गळली की चौदा वर्षे बिघडत. आता एकच ओळ बिघडली. योग्य पर्यायाने चुका संपतात असे नाही. त्या जागच्या जागी राहतात आणि सापडतात.

पाठ्यपुस्तकाच्या पानाला मात्र कोणताच एक पर्याय पुरत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात मुख्य मजकूर, बाजूला 'करून पहा'ची चौकट, मध्ये आकृती आणि तिच्यावर नावे असे सगळे एकत्र असते. अशा पानाचे तुकडे आपणच पाडावेत आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा पर्याय द्यावा. वेळ थोडा जास्त लागतो, पण नंतर दुरुस्तीत जाणारा वेळ वाचतो.

पर्याय निवडण्यापूर्वी

पान तिरके असेल तर कोणताही पर्याय नीट चालत नाही. १६ सेंटीमीटर लांबीची ओळ फक्त १ अंशाने तिरकी झाली, तर तिचे एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे २.८ मिलिमीटर वर जाते. पुस्तकातील दोन ओळींमधले अंतर साधारण ४ ते ५ मिलिमीटर असते. म्हणजे आडवी कोरी पट्टी जवळपास बुजलीच. दहावीच्या विद्यार्थ्यांना हे त्रिकोणमितीचे उदाहरण म्हणून देता येईल. आज्ञावली थोडा तिरकेपणा सुधारून घेते, पण पान काचेवर सरळ ठेवणे अधिक सोपे. इंचाला ३०० ठिपके घ्यावेत. १५० घेतले तर दहा पॉइंटच्या टाइपाची उंची सुमारे ४२ ऐवजी २१ ठिपके भरते आणि अनुस्वार एखाद-दुसऱ्या ठिपक्यावर येतो. जाड पुस्तकाची शिवण आणि कडेच्या काळ्या सावल्या आधी कापून टाकाव्यात, नाहीतर त्यांनाही एखादा स्तंभ समजले जाते.

चूक पकडायची कशी?

अक्षराची चूक डोळ्यांना खटकते. मांडणीची चूक खटकत नाही, कारण प्रत्येक शब्द शुद्ध असतो. अलीकडच्या काही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पद्धती अख्खे पान एकदम वाचतात. अवघड मांडणीत त्या पुष्कळदा चांगले काम करतात. पण गळलेल्या जागी शोभेल असा, पानावर नसलेला मजकूरही घालू शकतात. तेव्हा तपासणी तर हवीच. ती अक्षरांच्या पलीकडची असावी. तक्ता असेल तर प्रत्येक रकान्यातील आकडे मोजा आणि बेरजा जुळवा. मजकूर असेल तर जेथे स्तंभ किंवा पान बदलते तेथील वाक्य मोठ्याने वाचा. सांधा चुकला असेल तर तेथेच कळतो.

मोठ्याने वाचण्याचा मुद्दा एका वर्गाच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. १९७६ साली अमेरिकेत रे कुर्झवाइल यांनी छापील पान वाचून दाखवणारे यंत्र सादर केले ते अंध वाचकांसाठी. आज आपल्या शाळांतूनही दृष्टिहीन विद्यार्थी स्कॅन केलेले धडे संगणकाकडून ऐकतात. डोळस विद्यार्थ्याला तळटीप वाक्याच्या मध्ये घुसलेली दिसली, तर तो मूळ पुस्तक उघडून पाहतो. ऐकणाऱ्याला तसे करता येत नाही. त्याला धडाच समजत नाही, आणि आपणच कमी पडलो असे त्याला वाटू शकते. त्याच्यासाठी धडा स्कॅन करून देणाऱ्या शिक्षकाने तो एकदा डोळे मिटून ऐकावा.

वर्गात करून पाहण्यासाठी आणखी एक प्रयोग. वर्तमानपत्राचे एक कात्रण आणि एक वेळापत्रक घ्या. दोन्हींवरील प्रत्येक शब्दावर काळ्या पेनाने जाड पट्टी ओढा, म्हणजे शब्द दिसणार नाहीत, फक्त मांडणी उरेल. दोन गटांना ती द्या आणि कोणती पट्टी कोणत्या क्रमाने वाचायची त्याचे क्रमांक घालायला सांगा. मग मूळ कागद दाखवा. 'आपोआप' म्हणजे काय, ते मग समजावून सांगावे लागणार नाही.